राखणीच्या पिल्लाचे संगोपन

राखणीसाठी कारवानीसारख्या मोठ्या चणीच्या जातीचे पिल्लू पाळू इच्छिणाऱ्या मिहान परिसरातील शेतकरी बंधूंनी ते ८ आठवड्यांचे होण्यापूर्वी आईपासून तोडू नये. १४ आठवड्यांपर्यंतचे वय संस्कारक्षम असते. या काळात घरची मुले, गुरे, परकी माणसे, ट्रक व विमानांचा आवाज यांची त्यास हळूहळू सवय लावावी. एरवी भित्रेपणातून चावण्याची खोड जडते. आज्ञा पाळताच शाबासकी द्यावी, मारू नये. हाडांची वाढ सुमारे १२ ते १८ महिने चालते. तोवर पिल्लास लठ्ठ होऊ देऊ नये, उंचावरून उड्या मारू देऊ नयेत व पशुवैद्यांच्या सल्ल्यावाचून कॅल्शियम देऊ नये. ३ महिने पूर्ण होताच पिसाळ रोगाची लस अवश्य टोचून घ्यावी. या रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूसही बहुधा वाचत नाही.