माकडाचा फोटो : सेटिंग बदला, खाऊ दाखवू नका

पावसाळ्यात लोणावळा, लोहगडला सहल गेली की मुलं माकडांचे फोटो काढतातच. फोटो हलतो, काळपट येतो. मग माकड जवळ यावं म्हणून बिस्किट पुढे केलं जातं. त्यापेक्षा सेटिंग शिकवूया. बऱ्याच मोबाईलमध्ये 'प्रो' मोड असतो.

१) शटरचा वेग : बसलेल्या माकडाला १/२५० सेकंद पुरतो, उडी मारणाऱ्याला १/१००० लागतो.

२) आयएसओ : वेग वाढवला की आत येणारा प्रकाश घटतो. म्हणून झाडीत आयएसओ ८०० ते १६०० ठेवा. फार वाढवला तर फोटोत दाणे दिसतात.

३) धुकं : पांढऱ्या धुक्याने कॅमेरा फसतो, फोटो काळवंडतो. एक्सपोजर +१ करा.

४) फोकस डोळ्यावर, फ्लॅश बंद.

कृती : मैदानावर धावणाऱ्या मित्राचा फोटो १/६० आणि १/१००० वर काढून तुलना करा. छेद मोठा तेवढा अपूर्णांक लहान, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं.

खाऊची सवय लागलेलं माकड पुढच्या मुलाची पिशवी ओढतं, कधी चावतंही. म्हणून फोटो लांबूनच, डबा दप्तरातच!