बावड्याहून अमेरिकेत: एचआरची दोन वर्षांची पदवी कोणी घ्यावी?

बावडा, इंदापूर, अकलूज या टापूतून अमेरिकेत येणारे एक प्रश्न हमखास विचारतात: कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांची असोसिएट डिग्री केली, तर एचआरमध्ये नोकरी लागते का? न्यू जर्सी आणि टेक्सासमध्ये रुळलेल्या मराठी घरांचा अनुभव इथे एकत्र केला आहे.

आधी व्हिसा बघा. उसाच्या बिलावर भरवसा ठेवून, कर्ज काढून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर फक्त एवढ्याच पदवीसाठी येणार असाल, तर येऊ नका. पुढे नोकरीसाठी लागणाऱ्या एच-१बी व्हिसाला किमान चार वर्षांची बॅचलर पदवी किंवा तिच्या तोडीचं शिक्षण लागतं. शिक्षणानंतर ओपीटी या तात्पुरत्या परवानगीवर वर्षभर काम करता येतं, पण तंत्र-विज्ञानवाल्यांना मिळणारी पुढची दोन वर्षं एचआरवाल्यांना मिळत नाहीत.

जोडीदाराच्या एच-१बीमुळे एच-४वर आला असाल, तर मात्र ही पदवी कामाची. एच-४वर शिकायला वेगळा व्हिसा लागत नाही. नोकरीसाठी वर्क परमिट लागतं. जोडीदाराचा ग्रीन कार्डचा आय-१४० मंजूर असेल, तर २०१५पासून त्यासाठी अर्ज करता येतो. त्या मंजुरीची वाट बघण्यातच वर्षं जातात, ती शिकण्यात घालवा. घराचा भाडेकरार आणि वीजबिल जपून ठेवा. स्थानिक रहिवाशाची फी लागते का हे कॉलेज त्यावरून ठरवतं, आणि त्या फीत नि बाहेरच्यांच्या फीत मोठा फरक असतो.

अभ्यास साधारण ६० क्रेडिटचा. इंग्रजी लेखन, गणित, हिशेब, भरती, पेरोल, कामगार कायदे. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात बसलेल्याला हजेरी आणि पगारपत्रक नवं नाही, पण हिशेब वेगळे. आपल्या कारखान्यांत ओव्हरटाइम दुप्पट दरानं; इथे १९३८च्या कायद्यानं आठवड्याच्या ४० तासांनंतर दीडपट. आपल्याकडे कायद्यानं २६ आठवड्यांची पगारी बाळंतपणाची रजा आहे. इथला १९९३चा केंद्रीय कायदा १२ आठवडे देतो, तेही बिनपगारी, आणि कंपनीत किमान ५० माणसं असतील तरच. काही राज्यं पगारी रजा देतात, न्यू जर्सी त्यांतलंच.

सगळ्यात अवघड जातं ते बोलणं. गाव कुठलं, लग्न झालं का, मुलंबाळं किती, ही आपली ओळख करून घ्यायची रीत. मुलाखतीत उमेदवाराला हे विचारलंत, तर १९६४च्या नागरी हक्क कायद्याखाली भेदभावाचा दावा कंपनीवर येऊ शकतो. ही सवय मोडायला वेळ लागतो. वर्गात मुलाखतींचा सराव असेल, तर तो चुकवू नका.

प्रवेशाआधी एक विचारा: पदवी एएस की एएएस? पुढे चार वर्षांच्या पदवीकडे जायचं असेल तर एएस बरी. एएएस नोकरीसाठी असते आणि तिची सगळी क्रेडिट पुढे धरतीलच असं नाही. बारामती-इंदापूरला बी.कॉम. झालं असेल, तर पुन्हा पहिल्यापासून दोन वर्षं करणं आम्हाला व्यर्थ वाटतं. आधीच्या पदवीचं मूल्यमापन करून घ्या आणि एपीएचआर ही एचआरची प्राथमिक परीक्षा द्या. तिला अनुभवाची अट नाही.

मूल्यमापनाला बहुतेकदा विद्यापीठानं थेट पाठवलेल्या ट्रान्सक्रिप्ट लागतात. इथून फोनवर हे काम महिनोन्‌महिने रखडतं. म्हणून विमानात बसण्याआधी पुण्याला विद्यापीठात स्वतः जाऊन अर्ज करून या.