विजेचे माप आणि मोजणी पेटी



उसाची गाडी काट्यावर चढली की आपण सगळे काट्याकडे टक लावून बघतो. भरल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, दोन्ही पाहूनच पावती खिशात घालतो. घरातली वीज मात्र आपण अंदाजाने मोजतो आणि त्या अंदाजावरून भांडतो. असेच एक भांडण मिटवायला गळीत बंद असताना आमच्या विद्युत विभागातल्या दोघांना भाईंदरला जावे लागले. तिथे जे पाहिले ते सर्वांच्या उपयोगाचे आहे, म्हणून हा लेख.

आपल्या एका सभासदाची दोन मुले भाईंदर पूर्वेला एकाच घरात राहतात. वीजमीटर एक आणि बिल निम्मे-निम्मे. थोरला म्हणे, धाकट्याच्या एअर कंडिशनरमुळे बिल वाढते. धाकटा म्हणे, तुमचा जुना फ्रिज वीज खातो. तिकडे वीज खाजगी कंपन्या पुरवतात, आपल्याकडे महावितरण. पण युनिट दोन्हीकडे तेच. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट.

थोरल्याने बाजारातून क्लॅम्प मीटर आणले होते. आपले वायरमन त्याला टाँग टेस्टर म्हणतात. त्याने ते फ्रिजच्या वायरीला लावले, तर आकडा आला शून्य! मग कोणीतरी सांगितले की आतली एक तार वेगळी काढावी लागते. याने ब्लेड घेतले आणि वरचे रबर सोलले. आतल्या तारेलाही ब्लेड लागले, तांबे दिसू लागले, त्यावर चिकटपट्टी गुंडाळली. आम्ही पोचलो तेव्हा ती पट्टी सुटत आली होती, फरशी ओली होती आणि घरातले लहान पोर अनवाणी फिरत होते. बिलाचे भांडण राहिले बाजूला, आम्ही आधी तो फ्रिज बंद करून वायर बदलली.

आकडा शून्य का आला?

पाटाने वावरात आलेले पाणी आणि तेवढेच चरीने बाहेर गेलेले पाणी एकत्र धरले, तर बाकी शून्यच राहणार. विजेचेही तसेच आहे. फेजच्या तारेतून करंट जातो, न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो. क्लॅम्पमध्ये दोन्ही तारा एकदम धरल्या की एकाचा परिणाम दुसरा खोडून काढतो. कारखान्याच्या पॅनेलमध्येही म्हणूनच प्रत्येक फेजवर सी. टी. वेगळी असते. सारांश, माप घ्यायचे तर एकच तार क्लॅम्पमध्ये हवी. पण त्यासाठी वायर सोलायची नाही. मधे एक पेटी घालायची.

मोजणी पेटी कशी करावी?

बाजारात हिला लाइन स्प्लिटर किंवा ब्रेकआउट बॉक्स म्हणतात. आपण मोजणी पेटी म्हणू. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. पण काय सांगायचे ते आपल्याला ठाऊक असावे.

१) पेटी जाड प्लास्टिकची घ्यावी. पत्र्याची असेल तर तिला अर्थिंग जोडलेच पाहिजे.

२) आय. एस. आय. छापाचे १६ अँपिअरचे सॉकेट आणि थ्री-पिन टॉप घ्यावे. वायर २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, तीन तारांची असावी. ६ अँपिअरच्या सामानावर गीझर लावू नये. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टला सुमारे ८.७ अँपिअर घेतो.

३) पेटीत १६ अँपिअरचा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा एम. सी. बी. बसवावा. जुन्या घरांत फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले सापडतात, म्हणून एकच तार तोडणारे बटन भरवशाचे नाही.

४) अर्थिंगची तार टॉपपासून सॉकेटपर्यंत सलग न्यावी, न्यूट्रल एम. सी. बी.मधून सॉकेटला न्यावा. फक्त फेजची तार एम. सी. बी.नंतर पेटीबाहेर फिरवून परत आत घ्यावी. बाहेरच्या या फाशावर आणखी एक प्लास्टिकची नळी चढवावी आणि भोकांना रबरी कडी बसवावी. क्लॅम्प लावायचा तो या फाशाला.

५) त्याच फेजच्या तारेचा पुढे दहा वेढ्यांचा दुसरा फास करावा. सगळे वेढे एकाच दिशेचे असावेत. इथे आकडा दहापट दिसतो, म्हणून दहाने भागावे. लहान उपकरणांना हा फास बरा. मात्र जड उपकरण त्यावर फार वेळ चालवू नये, गुंडाळलेली तार तापते.

६) पेटीबाहेर उघडे तांबे किंवा बोट शिरेल असे टर्मिनल कुठेही नसावे.

पेटी झाली की वीज न देता मीटरने तपासावी. अर्थिंग सलग लागले पाहिजे. फेज, न्यूट्रल आणि अर्थ यांचा एकमेकांशी संबंध लागता कामा नये. मग १००० वॅटची इस्त्री लावावी. साध्या फाशावर ४.३ च्या आसपास आणि दहा वेढ्यांवर ४३ च्या आसपास आकडा आला, तर पेटी बरोबर आहे.

पेटी घ्यावी की तयार मीटर?

भाईंदरला आम्ही पेटी लावली. दहा वेढ्यांवर फ्रिजने ११ दाखवले, म्हणजे १.१ अँपिअर. २३० ने गुणले तर २५३. पण हे खरे वॅट नव्हेत. मोटर असलेल्या उपकरणाला पॉवर फॅक्टर धरावा लागतो आणि तो साधा क्लॅम्प सांगत नाही. सॉकेटमध्ये खोचायचे तयार वॅटमीटर लावले, तर १६५ वॅट निघाले. शिवाय फ्रिज मधेमधे बंद पडतो, त्यामुळे एका क्षणाच्या मापावरून दिवसाचा हिशेब होत नाही. तो तयार मीटरच देतो. चोवीस तासांत फ्रिजने ३.६ युनिटे घेतली. दाराचे रबर फाटले होते, कॉम्प्रेसर जवळजवळ थांबतच नव्हता. रबर बदलल्यावर हिशेब आला २ युनिटांवर. महिन्याला ४८ युनिटे वाचली. एअर कंडिशनर रात्रभरात ५ युनिटे घेत होता. म्हणजे दोघेही थोडे खरे निघाले! एअर कंडिशनरची युनिटे धाकट्याची, बाकीचे बिल निम्मे-निम्मे, असे दोघांनी आपणहून ठरवले.

तेव्हा निवड अशी करावी. घरचा महिन्याचा हिशेब पाहिजे तर १६ अँपिअरचे, युनिटे दाखवणारे तयार मीटर घ्यावे. दुरुस्ती करणाऱ्याकडे क्लॅम्प असेलच, त्याने पेटी ठेवावी. इन्व्हर्टर एअर कंडिशनर किंवा एल. ई. डी. दिवे मोजायचे तर क्लॅम्प ‘ट्रू आर. एम. एस.’ जातीचा घ्यावा, साधा चुकतो.

दोन्ही नसेल तरी एक युक्ती आहे. इलेक्ट्रॉनिक वीजमीटरवर लुकलुकणारा दिवा असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो तो आकडा मीटरवर छापलेला असतो, समजा ३२००. घरातले बाकी सगळे बंद करून मधे आपोआप बंद न पडणारे १००० वॅटचे उपकरण सलग सहा मिनिटे चालू ठेवावे. दिवा ३२० च्या आसपास लुकलुकला, तर मीटर ठीक आहे.

शेतीपंपाला ही पेटी लावू नये

विहिरीवरचा थ्री-फेज पंप या पेटीचे काम नव्हे. तिथे वायरमनने स्टार्टरमध्ये तिन्ही तारा एकेक करून मोजाव्यात. ५ अश्वशक्तीची मोटर पूर्ण भाराला साधारण साडेसात अँपिअर घेते. नक्की आकडा मोटरच्या पाटीवर असतो. तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. एक शून्य आला तर मोटर लगेच बंद करावी. एक फेज गेलेला असतो आणि तशीच चालवली तर वाइंडिंग जळते.

एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे बिल राज्य शासनाने माफ केले आहे, हे खरे. पण जळालेल्या मोटरचे बिल आपलेच, आणि पाण्याविना वाळणारा ऊसही आपलाच. म्हणून माप घ्यावे. जिवाला जपून घ्यावे. वायर सोलून कधीही घेऊ नये.

आपला,
विद्युत विभाग