पडदा वाचण्याचे शिक्षण

पंडरीच्या कापडबाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या रायपूरच्या परिसरातील खेड्यांत दूरचित्रवाणी प्रथम अवतरली ती शिक्षकाच्या भूमिकेत. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात ‘साइट’ हा उपग्रह-दूरचित्रवाणीचा प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत झाला. त्यांत रायपूरकडील गावेही होती. सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि सायंकाळी साऱ्या गावासाठी कार्यक्रम होत. घरी छत्तीसगढी बोलणारी मुले ते हिंदीतून ऐकत.

पडद्याने विज्ञान शिकवले, शेती आणि आरोग्य शिकवले; पडदा स्वतः मात्र अभ्यासाचा विषय नव्हता. प्रयोगाचे ते उद्दिष्टच नव्हते, म्हणून त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. तथापि चित्रपटाच्या साहाय्याने शिकवणे आणि चित्रपट शिकवणे या भिन्न गोष्टी होत. कवितेतून नद्यांची नावे कळली म्हणजे कविता शिकून झाली, असे कोणताही भाषाशिक्षक मानणार नाही.

पुण्यात, प्रभातच्या जुन्या चित्रनगरीत, १९६० साली चित्रपटशिक्षणाची संस्था उभी राहिली. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तेथे सतीश बहादूर यांनी रसास्वादाच्या अध्यापनाला शिस्त दिली. ‘पथेर पांचाली’ (१९५५) हा त्यांच्या विवेचनाचा आवडता चित्रपट. ही पद्धत प्रामुख्याने प्रौढांपुरती राहिली, परंतु ती शाळेत नेण्यास अडचण कसली?

त्याच चित्रपटातील आगगाडीचा प्रसंग घ्यावा. मुलांना तो एकदा संपूर्ण दाखवावा, नंतर आवाज बंद करून. कासाच्या तुऱ्यांमधून चालणारी अपू आणि दुर्गा खांबाला कान लावून ऐकतात. गाडी त्यानंतर येते. आवाज काढून घेतला की या थांबण्याचा अर्थच पुसट होतो, हे दहा वर्षांच्या मुलालाही सांगावे लागत नाही. मग विचारावे : गाडी आधीच दाखवली असती तर? केवळ मुलांचे चेहरे दाखवले असते तर? पुठ्ठ्यात चौकोनी खिडकी कापून वर्गातील एकच वस्तू जवळून आणि दुरून पाहायला लावली, तर चौकटीची निवड म्हणजे काय हेही उमगते. महागडी साधने लागत नाहीत. शिक्षकाने उत्तर सांगण्याची घाई मात्र करू नये.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत हा अभ्यास अधिकच निकडीचा, कारण तेथे रचलेले दृश्य सहज घडलेले भासते. एखाद्या जाहिरातीत चित्र किती वेळा बदलले हे मुलांनी मोजावे. कोणता तुकडा गाळल्यास वस्तू विकत घ्यावीशी वाटणार नाही, तेही त्यांनीच ठरवावे.