जनावरांच्या वेदना आणि विजेची सुई

नाल ठोकतांना किंवा जखम धुतांना घोडा आवरत नाहीं, तेव्हां त्याच्या वरच्या ओठास दोरीचा फास घालून काठीनें पीळ देतात, हें आमच्या बऱ्याच वाचकांनीं पाहिलें असेल. ओठ दुखूं लागला म्हणजे जनावर दुसरें दुःख विसरतें, अशी समजूत आहे. १९८४ सालीं नेदरलंड्समधील उट्रेख्ट येथील संशोधकांनीं ती तपासून पाहिली. फास घातलेल्या घोड्यास वेदना झाली असतां हृदयाचे ठोके एरवींइतके वाढत नाहींत आणि रक्तांत एंडॉर्फिन नांवाचें द्रव्य वाढतें, असें त्यांस आढळलें. हें द्रव्य शरीर स्वतःच तयार करितें. त्याचा गुण अफूसारखा. अफूचा अंमल उतरविणारें नालोक्सोन हें औषध दिल्यावर फासाचा गुणही नाहींसा झाला. तेव्हां हें नुसतें विसरणें नव्हे.

विजेच्या सुयांचा उपचार याच जातीचा आहे. सुया टोंचण्याची विद्या चीन देशांत प्राचीन; पुढें त्या सुयांस वीज जोडण्यांत आली. मज्जातंतूंतील जाड धागे स्पर्शाची वर्दी नेतात, बारीक धागे वेदनेची. जाड धागे चेतविले असतां वेदनेची वर्दी मज्जारज्जूच्या दाराशींच अडते, असा सिद्धान्त मेल्झॅक व वॉल यांनीं १९६५ सालीं मांडला. ठेंच लागली कीं आपण ती जागा चोळतों, तें उगाच नव्हे. शिवाय अफूसारखीं द्रव्यें सुटतात तीं वेगळींच. सेकंदास २ ठोके दिले तर एका जातीचीं व १०० दिले तर दुसऱ्या जातीचीं, असें बीजिंग येथील हान यांनीं पांढऱ्या उंदरांवर दाखविलें. गुण यावयास बहुधा २०-३० मिनिटें लागतात.

खरा धोका पुढें आहे. लंगड्या बैलाचें दुखणें थांबलें म्हणजे बैल बरा झाला असें नव्हे. सडलेला खूर सडलेलाच राहतो. वेदना त्या पायाची राखण करीत होती, ती तेवढी उठते. अशा बैलास नांगरास जुंपल्यास पाय कायमचा जाण्याचें भय. उपचाराचें यंत्र अत्यंत सौम्य प्रवाहाचें व पशुवैद्याच्या हातचें; पंपाच्या तारेनें हा प्रयोग करणारा बैल गमावील. डागण्यानेंही हेंच साधतें असें म्हणणारे भेटतात, परंतु भाजलेली कातडी हें आम्हांस नवेंच दुखणें वाटतें.

फासाविषयीं एवढेंच, कीं सुमारें ५ मिनिटांनंतर घोड्याचे ठोके उलट वाढूं लागतात, असें पुढील प्रयोगांत दिसलें आहे. म्हणून हत्यारें आधीं मांडून ठेवावीं आणि मगच फास पिळावा.