समजीविता : बौद्ध कुटुंबाचा जमाखर्च



दीक्षा घेतली, देव्हारा उतरला, भिंतीवर भगवान बुद्ध आणि पूज्य बाबासाहेबांच्या तसबिरी आल्या. परंतु विसाव्या तारखेनंतर उसनवारी काही सुटली नाही, अशी घरे आपल्यात पुष्कळ आहेत. मजुरी तुटपुंजी असणे हा कुणाचा दोष नव्हे. मात्र आहे त्या मिळकतीचा हिशेब ठेवणे आपल्या हाती आहे, आणि तोही धम्मच आहे.

कोलिय कुळातील दीघजाणू भगवंतांकडे गेला आणि म्हणाला की, आम्ही बायकामुलांत राहणारी माणसे, आम्हाला या जीवनात हिताचा होईल असा धम्म सांगा. भगवंतांनी चार गोष्टी सांगितल्या. उट्ठानसंपदा म्हणजे कष्टाने व कौशल्याने मिळविणे. आरक्खसंपदा म्हणजे मिळविलेले राखणे. कल्याणमित्तता म्हणजे सज्जनांची संगत. चौथी समजीविता, म्हणजे मिळकत पाहून बेताने राहणे. तराजू धरणारा जसा पारडे किती झुकले, किती वर गेले हे जाणतो, तसे गृहस्थाने आपला आय आणि व्यय जाणावा. थोड्या मिळकतीत मोठा थाट नको, आणि पुष्कळ असून पोटाला चिमटाही नको.

सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी, एक संकटासाठी. भाडे आणि धान्यातच ज्याचा बहुतेक पैसा जातो, त्याला हे प्रमाण जसेच्या तसे पाळता येणार नाही. त्यातला विचार मात्र घेता येईल. सगळी मिळकत खाऊन संपवायची नसते. आपल्या घराचे भांडवल म्हणजे मुलांचे शिक्षण.

समजा, घरात महिन्याला १८,००० रुपये येतात. पैसे हाती येताच संकटासाठी १,५०० आणि शिक्षणासाठी १,५०० बाजूला काढा. आणखी १,००० वर्षाच्या ठरलेल्या खर्चासाठी ठेवा. जूनमधील वह्या-गणवेश, १४ एप्रिलची जयंती, दीक्षाभूमीचा प्रवास हे खर्च दरवर्षी येणारच असतात. मग त्यांच्यासाठी ऐनवेळी कर्ज का काढावे? उरलेल्या १४,००० मध्ये भाडे, किराणा, वीज, औषध बसवा. न बसले तर बाजूला काढायची रक्कम कमी करा, पण बंद करू नका. रोजंदारीवर असाल तर सर्वांत कमी कामाच्या महिन्याची मिळकत धरून बेत आखा.

बेत आखणे सोपे, पाळणे कठीण. त्यासाठी एक वही करा. रोज रात्री त्या दिवसाचा खर्च लिहा. लिहिता येणाऱ्या मुलामुलीकडे हे काम द्या. दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर पतिपत्नींनी मुलांसह बसून वही वाचावी. कुणी कुणावर डाफरू नये. आकडे आपोआप बोलतात. तंबाखू-विडीला रोज ३० रुपये गेले, तर वर्षाचे १०,९५० होतात. दारू न पिण्याची प्रतिज्ञा तर आपण बावीस प्रतिज्ञांतच घेतली आहे. सिगालोवाद सुत्तातही संपत्तीच्या नाशाच्या सहा वाटांत व्यसन, जुगार आणि आळस सांगितले आहेत.

लग्नाचा प्रश्न मोठा आहे. त्रिशरण-पंचशील आणि मोजक्या माणसांच्या साक्षीने विवाह होतो. त्यासाठी मंडप आणि बँडचे कर्ज घेऊन तीन वर्षे हप्ते फेडण्याचे कारण नाही. कुणी नावे ठेवली तर ठेवू द्या. हप्ता भरायला तो येणार नाही. बचत गटाचे कर्जसुद्धा शिलाई मशीन किंवा शेळी यांसारख्या मिळकत वाढविणाऱ्या कामाला लावावे.

भगवंतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची जी चार सुखे सांगितली, त्यांत अनणसुख, म्हणजे कुणाचेही ऋण नसल्याचे सुख आहे. आपल्या वाडवडिलांच्या पिढ्या सावकाराच्या वहीत अडकल्या. आज वही आपल्या घरात आहे आणि लेखणी आपल्या लेकीच्या हाती आहे. येत्या पौर्णिमेपासून तिचे पहिले पान लिहा.

जय भीम !