मदतीचा गडी

विद्यार्थिमित्रहो, कोणत्याहि खेळांत आरंभ करणाऱ्याचें नांव सर्वांच्या मुखीं असतें. परंतु दमलेल्या गड्याच्या मदतीस जो मागाहून येतो, त्याची आठवण फारसें कोणी ठेवीत नाहीं. आज अशा गड्याचा थोडा विचार करूं.

अमेरिकेंत बेसबॉल हा खेळ फार लोकप्रिय आहे. त्यांत चेंडू फेकणारास पिचर म्हणतात. पहिल्या पिचरचा हात थकला, किंवा त्याच्या चेंडूंवर धांवा फार होऊं लागल्या, म्हणजे संघाचा व्यवस्थापक दुसरा पिचर पाठवितो. बाहेर आलेला गडी त्या सामन्यांत पुन्हां खेळूं शकत नाहीं. मदतीचा पिचर तोंपर्यंत मैदानाच्या कडेस हात मोकळा करीत आपल्या पाळीची वाट पाहत असतो. पुष्कळदां त्यास एकच डाव मिळतो, व तोहि सामना अगदीं अटीतटीस आला असतां. पनामा देशांतील एका मासेमाराचा मुलगा मारियानो रिव्हेरा यानें 1995 पासून 2013 पर्यंत न्यूयॉर्क यांकीज संघांत राहून बहुतेक काळ हेंच काम केलें, आणि 652 सामन्यांत हातीं आलेला विजय शेवटपर्यंत राखिला.

आपल्याकडे बेसबॉल फारसा खेळला जात नाहीं. परंतु क्रिकेटमध्यें मुख्य गोलंदाजांस विसावा देणारा गडी लागतोच. असा एक गडी आपल्या बीड येथेंच जन्मला. ते म्हणजे श्री. संजय बांगर. त्यांचा जन्म 1972 सालचा. ते रेल्वेच्या संघाकडून खेळले. त्यांची गोलंदाजी मध्यमगति. फलंदाजीहि ते करीत, व ती कोणत्याहि क्रमांकावर. 2002 सालीं नागपूर येथें झिंबाब्वेविरुद्ध सातव्या क्रमांकावर येऊन त्यांनीं नाबाद 100 धांवा केल्या.

त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें इंग्लंडांत लीड्स येथें तिसरा कसोटी सामना झाला. मालिकेंत भारत मागें होता. आभाळ भरून आलेलें, चेंडू हवेंत वळत असलेला. अशा वेळीं बांगर यांस सलामीस पाठविण्यांत आलें. दुसरा सलामीवीर लवकर बाद झाला. परंतु बांगर यांनीं 236 चेंडू खेळून 68 धांवा केल्या आणि राहुल द्रविड यांच्यासह 170 धांवांची भागीदारी रचिली. पुढें द्रविड, तेंडुलकर व गांगुली या तिघांनीं शतकें केलीं, व लोकांच्या स्मरणांत तींच राहिलीं. इंग्लंडच्या दुसऱ्या डावांत बांगर यांनीं दोन गडीहि बाद केले. भारतानें एक डाव व 46 धांवांनीं विजय मिळविला.

इतकें करूनहि त्यांची कसोटी कारकीर्द 12 सामन्यांतच, त्याच वर्षाच्या अखेरीस, संपली. दुसरा एखादा खचला असता. बांगर मात्र आणखी दहा वर्षें रेल्वेकरितां खेळत राहिले, व 2013 सालीं निवृत्त झाले. पुढें 2014 पासून 2019 पर्यंत त्यांनीं भारतीय संघास फलंदाजीचें शिक्षण दिलें.

मित्रहो, शाळेच्या संघांत आपलें नांव राखीव गड्यांत लागलें म्हणजे आपण रुसतों. कांहीं जण तर सरावासहि येत नाहींत. पण हांक केव्हां येईल हें कोणास ठाऊक नसतें. ती येईल तेव्हां हात मोकळा असावा, एवढेंच आपल्या स्वाधीन आहे. पालकांनींहि मुलगा घरीं आल्यावर "पहिला आलास काय?" एवढेंच न पुसतां "आज कोणाच्या उपयोगीं पडलास?" असेंहि पुसावें.